मोहिनी पाय धरत नाही

डिंपल : नाही आत्या, ही गोष्ट पुस्तकात नको.

हेमलता : अगं, अख्ख्या संग्रहात हीच तर जमलीय! घरी न सांगता कबड्डी खेळायला जाणारी मुलगी. तुमच्या वयाला असंच वाचायचं असतं ना?

डिंपल : शेवट वाचून पुस्तक मिटतील सगळ्या. ‘मोहिनीच्या डोळ्यांतून पश्चात्तापाचे अश्रू ओघळले. तिने वडिलांचे पाय धरले.’ मी कधी पाय धरले?

हेमलता : ती तू नाहीसच. ती मोहिनी आहे.

डिंपल : मोहिनी नववीत आहे, डावखुरी आहे, पाण्याची बाटली कुठंही विसरते आणि तिच्या वडिलांचं मिरचीचं शेत आहे. शाळेत मला उद्यापासून मोहिनीच म्हणतील! आणि तुझ्या बठ्ठ्या, सगळ्याच्या सगळ्या गोष्टींत पोरं शेवटी रडतातच का गं?

हेमलता : शाळांना बोध लागतो, बाई. बोध नसला तर ग्रंथालयात घेत नाहीत.

डिंपल : घेतात, आणि कपाटाला कुलूप लावतात.

हेमलता : बरं, मग खरं काय झालं ते सांग. मला वहिनीनं फोनवर सांगितलं तेवढंच ठाऊक.

डिंपल : पप्पांनी साफ नाही म्हटलं होतं. हाफ पँट घालून चारचौघांत खेळायचं नाही. मग मी शीतलकडे अभ्यासाला जाते म्हणून निघाले, आणि आम्ही दोघींनी दोंडाईच्याची बस पकडली. मॅच अर्धी झाली आणि बघते तर दोरीपलीकडे पप्पा! हातात हेल्मेट. चेहरा असा, की पंचसुद्धा मागे सरकले.

हेमलता : ओढत नेलं?

डिंपल : मीच जवळ गेले. म्हटलं, पप्पा, मारायचं ते मॅच संपल्यावर मारा. मग मी चढाईला गेले. एका दांडग्या पोरीनं माझा पाय धरला. तशीच घसटत मी रेषेला हात लावला, तरी पंचांनी मलाच बाद दिलं. तेवढ्यात दोरीखालून वाकून आत कोण आलं असेल?

हेमलता : भाऊ? आपला भाऊ?

डिंपल : हेल्मेट नाचवत! “हात लागना! मी देखं!” म्हणे रेषेला हात लागला, त्यांनी स्वतः पाहिलं!

हेमलता : अगं आई गं!

(डिंपलचे वडील तोताराम शेतातून येतात, ओट्यावर टेकतात.)

तोताराम : काय हसी राह्यन्यात दोन्ही?

हेमलता : भाऊ, तुमच्या दोघांची गोष्ट लिहिलीय मी. पुस्तकात येतेय.

डिंपल : त्यात मी रडून तुमचे पाय धरते.

तोताराम : ही? ही तर गाडीवर मांगे बशीसन मालेच बोलनी, ‘पप्पा, तुम्ही आत आले म्हणून त्यांना पॉइंट दिला. तुमच्यामुळे हरलो.’

हेमलता : मग तू काय म्हणालास?

तोताराम : खरंच व्हतं ते.

हेमलता : आणि राग? खोटं सांगून गेली होती ना?

तोताराम : राग व्हताच. कितला दिन बोलनू नही मी तिनासंगे. विचार ना तिले.

डिंपल : जेवायला बसले की मिठाची बरणी मागायचे, ती पण आईकडे बघून.

तोताराम : पण हेमा, ती मैदानमा कशी पळनी... इतली पळस, माले माहीतच नव्हतं. घरमा तर पाण्याचा हंडा उचलाले सांगं, तरी हिना पाय दुखस.

डिंपल : पप्पा!

हेमलता : ठरलं. रडणं काढून टाकते. पण मग शेवट काय करू? वडिलांनी मुलीला खेळायची परवानगी दिली, असं लिहू?

डिंपल : कसं लिहिशील? अजून दिलीच नाही.

तोताराम : हेमा, ते आत्तेच लिखू नको.

हेमलता : का रे?

तोताराम : पहिले माले डिंपलले सांगू दे.