सोमवारपासून या

बसमध्ये माझ्या मागच्या सीटवर बाप-लेक बसले होते. लेक नुकतीच आर्किटेक्ट झालेली, मुलाखत देऊन परतत होती. बाप फरशा बसवायचं काम करायचा, हे बोलण्यातून कळलं.

“मग, घेतलं का त्यांनी?”

“घेतलं, बाबा. सोमवारपासून या म्हणाले.”

“मग तोंड का पाडून बसलीस? पगार किती?”

“बारा हजार. तोही सहा महिन्यांनी. तोवर नुसतं जाण्यायेण्याचं भाडं.”

“अगं, माझ्या हाताखाली माल कालवणारा गडी अठरा नेतो.”

“माहितीये. म्हणून तर सांगायला जीभ रेटत नव्हती.”

“पाच वर्षं शिकलीस, हे सांगितलंस का त्यांना?”

“बाहेर थांबलेले सगळेच पाच वर्षं शिकलेले होते, बाबा. साहेब म्हणाले, जमत नसेल तर आत्ताच सांगा, पुढच्याला बोलावतो.”

“मग तू काय म्हणालीस?”

“थँक्यू म्हणाले.”

“थँक्यू?”

“चिडलात?”

“तुझ्यावर कशाला चिडू? मीही पहिलं वर्षभर फुकट फरशा उचलल्या. तुझ्या वाट्याला ते येऊ नये म्हणून तर शिकवलं.”

“आणि तुमचे गुडघे? माझी नोकरी लागली की काम सोडणार होतात ना?”

“बघू. जरा फोन दे इकडे... हॅलो, मुकादम? परवा ज्या कामाला नाही म्हणालो, ते अजून कुणाला दिलं नाहीत ना?”