साहेबांसाठी झाडलेलं गायरान

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या गावाचे माजी सरपंच माननीय बापूसाहेब; सत्कारमूर्ती, हरित पट्ट्याच्या पाहणी समितीचे प्रमुख माननीय सतीश साहेब; तळेगाव ढमढेऱ्याहून वाट वाकडी करून आलेली पाहुणेमंडळी; आणि मागं मटकीला फोडणी बसली तरी जागा न सोडणाऱ्या माझ्या बंधूंनो, मायबहिणींनो,

मी दूध संस्थेचा सचिव. रोज सकाळी फॅट बघणारा माणूस, भाषण हा काही माझा प्रांत नाही. पण बापूसाहेब म्हणाले, "साहेबांविषयी चार शब्द चांगले बोला." आता त्यांचा शब्द कोण मोडणार? गायरानाला लागून त्यांची जमीन आहे आणि तिथं प्लॉटचे दगडसुद्धा रोवून झालेत. एवढ्या दूरदृष्टीच्या माणसापुढं आम्ही काय बोलावं!

साहेबांची नजर तर त्याहून लांबची. रांजणगावात कारखाने आले, कामगार आले. बिचारे एका खोलीत पाळीपाळीनं झोपतात. त्यांना घरं पाहिजेत, याबद्दल कुणाचंच दुमत नाही. साहेबांनी सगळा मुरमाड माळ पाहिला, तो सोडला, आणि बरोबर आमच्या गायरानावर बोट ठेवलं. म्हणे, हरित पट्ट्याचा फेरविचार! काय गोड शब्द आहे. आमच्याकडं याला दुसरा शब्द आहे, पण समोर लेकीबाळी बसल्यात.

अर्थात, चूक गावाचीच. आपल्याकडं साहेब येणार म्हटलं की हात शिवशिवतात. त्यात स्वच्छता अभियानात नुकताच नंबर आलेला. मग काय विचारता! गायरानातलं गुडघाभर गवत कापलं, दगडांना चुना फासला, गुरं ओढ्यापलीकडं नेऊन बांधली, मधोमध मांडव घातला. आमच्या विठाबाई तर खराटा घेऊन सगळ्यांच्या पुढं. मी म्हटलं, "मावशी, पुरे की आता." तर म्हणतात, "आवं, सायबाच्या बुटाला श्याण लागलं तर गावाचं नाव जाईल न्हवं!"

साहेबांनी शहाळं घेतलं, चौफेर पाहिलं आणि म्हणाले, "इथं गवत नाही, गुरं नाहीत. जागा सपाट आणि स्वच्छ. हिरवा पट्टा आहे कुठं?" स्वच्छ म्हटल्यावर आम्ही टाळ्या वाजवल्या. आहे का असं गुणी गाव दुसरीकडं?

या विठाबाईंना गुंठाभर वावर नाही. दोन म्हशी, त्यावर घर आणि लेकीचं, तेजश्रीचं, शिरूरचं कॉलेज. दुसऱ्या दिवशी डेअरीत आल्या, किटली ठेवली आणि म्हणाल्या, "सचिव, मीच झाडलं ना वो? आता म्हशी कुठं न्यायच्या म्या?" मी किटलीतलं दूध मापून घेतलं. राग मात्र आला, आणि मंडळी, तो अजून गेलेला नाही.

बापूसाहेब, खुणा करू नका, आवरतोच. मघाशी चहा घेताना साहेबच म्हणाले, गायरान हरित पट्ट्यातून काढायच्या शिफारशीवरची सही राहिलीय, ती आज खुर्ची सोडायच्या आत उरकायची. ऐकून बरं वाटलं. म्हणजे अजून वेळ आहे. माझी हात जोडून विनंती आहे, साहेब, जाताना एकवार गायरानात पाय ठेवा. तेव्हापासून विळा लावलेला नाही. गवत पुन्हा वर आलंय.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्याच्या भरात शब्द कमी-जास्त गेला असेल तर थोर मनानं पोटात घाला. फक्त बाहेर गाडीला आडव्या म्हशी बसल्यात, त्या हाकलायला कुणाला सांगू नका. विठाबाई स्वतः दोर धरून उभ्या आहेत. साहेबांनी नीट बघितल्याशिवाय त्या उठवायच्या नाहीत, असं आमचं ठरलंय.