पेशी काढल्या, तो पहिला दिवस

सन्माननीय अध्यक्ष डॉ. हक्करायनेन, मंचावरील मान्यवर, ज्यांच्या सत्कारासाठी आज आपण जमलो त्या राइली वेहमास सिस्टर, त्यांचे कुटुंबीय आणि माझ्या सहकाऱ्यांनो,

निरोपाचं भाषण कौतुकाने सुरू करतात. मला आधी एक चूक दुरुस्त करू द्या. मार्चमध्ये याच सभागृहात ल्युकेमियावरच्या दोन उपचारांची तुलना मांडताना मी म्हणाले होते, की परदेशी कारखान्यातून बदलून आलेल्या पेशी दहातल्या आठ रुग्णांचा आजार हटवतात आणि आपल्या तळघरातल्या प्रयोगशाळेत बदललेल्या पेशी दहातल्या सातांचा. ते चूक होतं. त्याच तक्त्यावर विसंबून रुग्णालयाच्या समितीने आपली प्रयोगशाळा बंद करायचं ठरवलं.

सिस्टरांच्या समारंभात हे कशाला, असं वाटेल. पण ती चूक पकडली त्यांनीच.

दोन्ही उपचारांची पहिली पायरी त्यांच्या हातची. रुग्णाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढायच्या. यंत्र चार तास घरघरतं. तेवढ्यात त्या माणसाचं गाव, कुत्रा, मेव्हण्याशी भांडण, सगळं सिस्टरांना ठाऊक होतं. मग त्या पेशींना कर्करोग ओळखायला शिकवून परत शरीरात सोडतात. कारखान्यातून त्या यायला पाच आठवडे लागतात, तळघरातून बारा दिवस.

एप्रिलमध्ये जेवताना त्यांनी माझा तक्ता वाचला. चष्मा कपाळावर चढवून म्हणाल्या, "पोरी, यात आर्मास कुठेय?"

"कोण आर्मास?"

"बस चालवायचा तो. पेशी मीच काढल्या त्याच्या. कारखान्यात गेल्या."

मी यादी पाहिली. "त्यांना पेशी दिल्याच नाहीत, सिस्टर. त्या येण्याआधीच ते गेले. म्हणून मोजणीत नाहीत."

"अस्सं! म्हणजे वाट बघताना मेला, तर तो तुमच्या लेखी आजारीच नव्हता?"

माझा चमचा सुपातच राहिला. कारखान्याच्या नोंदी पेशी शरीरात सोडल्या त्या दिवसापासून सुरू होतात. तळघराच्या, पेशी काढल्या त्या दिवसापासून. मी दोन्ही शेजारी शेजारी मांडल्या होत्या. लहानपणी आम्ही बेटावर राहायचो, तेव्हा आम्हा बहिणींना आई घरीच शिकवायची. उत्तर बघण्याआधी विचारायची, "मोजायला कुठून लागलीस?" इतकं शिकून मी तेच विसरले.

कारखान्यासाठी वीस जणांच्या पेशी काढल्या होत्या. परत मिळाल्या पंधरांना, आजार हटला बारा जणांचा. पंधरातले बारा म्हणजे दहातले आठ. पण विसातले बारा म्हणजे दहातले सहाच! तळघराचे विसातले चौदा, म्हणजे दहातले सातच राहिले. रुग्ण थोडे आहेत, तेव्हा तळघर जिंकलं असं मी म्हणणार नाही. पण ते हरलंही नव्हतं.

अध्यक्षमहाराज, मे महिन्यात मी हे तुमच्या कानावर घातलं. तुम्ही मायेनेच म्हणालात, "अगं, सुट्ट्या होऊ देत. ऑगस्टमध्ये बघू." जुलैत सगळा देश तलावाकाठी जाऊन बसतो, हे खरं. पण ल्युकेमिया सुट्टीवर जातो का? तळघराला एक जुलैला कुलूप लागणार. वॉर्डात वेरना नावाची बावीस वर्षांची मुलगी आहे. तिच्या पेशी जूनअखेर काढायच्या आहेत, आणि पाच आठवडे तिच्याजवळ असतील असं कुणालाच वाटत नाही.

मग मी समितीकडे गेले का नाही? घाबरले. त्या तक्त्यावर नाव माझं एकटीचं आहे. सिस्टर मात्र रोज कॉफी ओतताना विचारायच्या, "समितीला सांगितलंस?" मी नकारार्थी मान हलवायचे. "बरं, उद्या विचारते," म्हणून त्या कामाला लागायच्या. सोमवारपासून विचारायला कोणी नसेल.

सिस्टर, एकतीस वर्षांत ज्यांच्या शेजारी तुम्ही बसलात, त्या सगळ्यांच्या वतीने तुमचे आभार. आयोजकांचे, केक भाजणाऱ्यांचेही आभार. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. तक्त्यातली चूक मात्र घालू नका. वीसच्या वीस माणसं धरून केलेला नवा तक्ता मी सुट्ट्यांआधीच्या शेवटच्या बैठकीत समितीपुढे ठेवणार आहे: येत्या गुरुवारी, बारा जूनला, सकाळी नऊ वाजता.