मागे सीट नसलेली गाडी

ड्रायव्हर: या, अशा जवळ या. त्या टायरवर बसलात तरी चालेल. किल्ल्या राहू द्या हातात. आधी एक गोष्ट सांगतो, मग कुठली गाडी घ्यायची ते आपोआप ठरेल.

गॅरेजवाली: काका, गोष्ट ऐकायला मी कधीही तयार आहे. पण संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक यायचंय. तुम्ही सोडाल ती गाडी तो नेणार. किंमत दोघींची सारखीच आहे. लाल की हिरवी, एवढं आधी सांगा.

बायको: त्यांना काय विचारतेस? आल्यापासून हिरवीभोवती प्रदक्षिणा चालल्यात. लालकडे नुसतं बघितलं, तेही ती वाटेत आली म्हणून.

ड्रायव्हर: लाल चांगलीच आहे गं. पण हिरवीचं बॉनेट बघ. गाडी दारात पोचते आणि ड्रायव्हर अजून गल्लीतच असतो.

गॅरेजवाली: हिरवीचं इंजिन मी स्वतः उघडून बांधलंय. दणकट आहे. लालचं छत कापडी आहे, दुमडतं, पण दोन ठिकाणी ठिगळ लावलंय. पळायलाही बेताची. आणि तिचं डावीकडचं दार आतून उघडत नाही. बाहेरून उघडावं लागतं.

बायको: म्हणजे मी आत अडकणार.

गॅरेजवाली: नाही काकू. काकांनी उतरून, वळसा घालून उघडायचं.

बायको: अस्सं? मग लालचं काय म्हणणं आहे ते मला नीट ऐकू दे.

ड्रायव्हर: आता मी गोष्ट सांगू का?

बायको: सांगा. पण पूर्वरंग थोडक्यात आटपा. तुमचा पूर्वरंग संपेपर्यंत लोक घरी जाऊन जेवून येतात.

ड्रायव्हर: तर ऐका ताई. देवाच्या दयेनं मी जन्मभर शहराची बस चालवली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण रोज पाठीवर पन्नास माणसं. कुणी खोकतंय, कुणी भांडतंय, कुणी झोपून शेजाऱ्याच्या खांद्यावर पडतंय. मला दिसत कुणीच नाही, नुसतं मानेवर जाणवतं. म्हणून रिटायर झाल्यावर एकच मागणं होतं. मागे सीटच नसलेली गाडी. दोन जागा, बास. कुणी चढायला बघितलं तरी चढता येऊ नये.

गॅरेजवाली: म्हणून स्पोर्ट्स कार. मला वाटलं, वेगाची हौस असेल.

बायको: वेगाची? हे सायकलसुद्धा स्टॉप बघून थांबवतात.

ड्रायव्हर: आणि दुसरी गोष्ट. ही माझ्या बसनं कामावर जायची, टेलिफोन ऑफिसात. माझ्या बरोबर मागची पहिली सीट हिची. पण माझ्या डोक्यावर पाटी होती, चालकाशी बोलू नये.

बायको: दिवसभर मी परक्या माणसांचे फोन एकमेकांना जोडून द्यायची, आणि आपला नवरा हातभर अंतरावर, तर बोलायची बंदी. घरी यावं तर हे पहाटेच्या पाळीसाठी झोपलेले. यांच्या मानेवर उजवीकडे एक तीळ आहे. चेहऱ्यापेक्षा माझी त्या तिळाशी ओळख जास्त.

गॅरेजवाली: मग निरोप कसे द्यायचे एकमेकांना?

ड्रायव्हर: आता आली मूळ गोष्ट. आमचा कंडक्टर. माझा जिवाभावाचा दोस्त. ही त्याच्या कानात सांगायची आणि तो ते स्टॉपच्या नावासकट पुकारायचा. ‘बाजार स्टॉप. बाजारवाले पुढे या. ड्रायव्हरसाहेबांनी येताना बटाटे आणायचेत.’

बायको: अख्ख्या बसला माहीत, आमच्याकडे आज भाजी कसली. एकदा एका आजीबाईंनी तर उतरता उतरता मला सांगितलं, काल पण बटाटेच होते गं तुझ्याकडे.

गॅरेजवाली: मजा असेल रोज.

ड्रायव्हर: मजा होती आणि शिस्तही होती. त्यानं दोरी ओढून एक घंटी दिली की थांबायचं, दोन दिल्या की निघायचं. तीन दिल्या म्हणजे गाडी भरली, आता मधल्या स्टॉपला थांबायचं नाही. घंटीशिवाय मी कधी चाक हलवलं नाही. आणि त्याच्या तिकिटांच्या पेटीच्या झाकणात आतून एक चित्र चिकटवलेलं असायचं. अशीच गाडी. हिरवी. दोन सीटची. म्हणायचा, तू रिटायर झालास की ही घे, नाहीतर लोक सवयीनं मागे चढतील.

बायको: ते गेले मागच्या वर्षी.

ड्रायव्हर: दवाखान्यात त्याचा हात हातात होता. मी शब्द दिलाय त्याला, हिरवीच घेईन.

गॅरेजवाली: मग प्रश्नच मिटला की काका.

बायको: मिटला कसा? त्या गाडीत त्यांच्या शेजारी कोण बसणार आहे? मी. मला दोन्हींत बसून बघू दे. शब्द त्यांनी दिलाय, पाठ माझी दुखणार आहे.

गॅरेजवाली: हे बरोबर. ही घ्या हिरवीची किल्ली. पुलापर्यंत जा, चौकातून वळून या. काका, निघा. अहो काका, निघा ना. इंजिन चालू आहे. काही अडलंय का? बरं, ही मारली डिकीवर थाप. ही दुसरी. आता? ... हां, निघाले.

(हिरवी फेरी मारून परत येते.)

गॅरेजवाली: आलात? मी म्हटलं, पेट्रोल संपलं वाटेत.

बायको: पेट्रोल नाही संपलं, स्टॉप संपेनात. प्रत्येक स्टॉपला गाडी कडेला. बाजारापाशी एका बाईंनी हात केला, तर यांनी थांबवून दार उघडलं.

ड्रायव्हर: हात आपोआप गेला गं.

बायको: त्या पिशवी घेऊन आत डोकावल्या. मागे सीटच नाही म्हटल्यावर मला म्हणाल्या, तुम्ही जरा सरकून घ्या.

गॅरेजवाली: मग?

बायको: मग काय, सरकले. पण सरकायला जागा कुठली? शेवटी त्याच म्हणाल्या, राहू दे, मी मागच्या बसनं येते.

ड्रायव्हर: पण गाडी म्हणजे काय सांगू ताई. पाय नुसता टेकवला की छातीत गुरगुरतं. इंजिन असं गातं की मागच्या साथीदारांची गरज नाही. माझा निर्णय झाला. कागद काढा.

बायको: कागद राहू दे. पुलावर मी तुम्हाला काय विचारलं?

ड्रायव्हर: पुलावर? काही बोललीस?

बायको: पुलापासून चौकापर्यंत बोलत होते. तुम्ही मान डोलवत होतात.

ड्रायव्हर: ती मी इंजिनाला डोलवत होतो.

बायको: ऐकलंस ना, पोरी? जन्मभर पाटी होती, आता पाटी गेली तर इंजिन आलं. दे ती लालची किल्ली. अहो, उघडा माझं दार. बाहेरूनच उघडतं ते.

(लाल गाडीत दोघंच.)

बायको: निघा की.

ड्रायव्हर: निघतो.

बायको: मग?

ड्रायव्हर: हात गिअरवर आहे, पाय क्लचवर आहे. पाय उठत नाही बघ. मघाशी त्या ताईंनी डिकीवर थाप मारली, तेव्हा कुठे उठला.

बायको: थांबा. या पुढच्या फळीवर वाजवते. हे घ्या. टण, टण.

ड्रायव्हर: निघालो.

बायको: किती हळू चालते हो ही.

ड्रायव्हर: म्हातारी आहे. चढावर धाप लागणार हिला. ठिगळातून वारा येतोय का तुझ्या कानात?

बायको: येऊ दे. तुमचा आवाजही येतोय. माझा येतोय का?

ड्रायव्हर: स्वच्छ. पुलावर काय विचारलं होतंस?

बायको: विचारलं होतं की तुमच्या दोस्ताशिवाय हिरवी घेऊन तुम्ही नक्की कुठे जाणार आहात.

ड्रायव्हर: थांब, आधी गिअर बदलतो.

बायको: रागावलात?

ड्रायव्हर: नाही. मला पण एक विचारायचंय. फार वर्षं विचारायचं राहिलं. तू एकदा निळी बॅग घेऊन बसमध्ये बसली होतीस, आठवतं? स्टेशनच्या स्टॉपला उतरलीस आणि लगेच परत चढलीस. काय विसरली होतीस?

बायको: विसरले होते? तुम्हाला माहीत नाही?

ड्रायव्हर: काय?

बायको: मी माहेरी चालले होते. कायमची. मी तुमच्या त्या दोस्ताच्या कानात सांगितलं होतं की त्यांना सांगा, मी स्टेशनला उतरतेय, परत येणार नाही. मागे वळून बघूसुद्धा नका म्हणावं.

ड्रायव्हर: काहीतरीच काय? मला तो म्हणाला, वहिनी स्टेशनला उतरतायत, म्हणतात एकदा तरी मागे वळून बघा.

बायको: असं म्हणाले?

ड्रायव्हर: देवाशपथ. म्हणून तर वळलो. पूर्ण नोकरीत तेवढा एकदाच नियम मोडला. वळलो आणि तुझ्याकडे बघून हसलो.

बायको: हसलात. मी म्हटलं, बायको घर सोडून निघालीय आणि हा माणूस दात दाखवतोय. एकतर निर्लज्ज आहे, नाहीतर याला माझी खात्री आहे. रागानं उतरले. पण बस हलेना.

ड्रायव्हर: कशी हलणार? त्यानं घंटी दिलीच नाही. मागून लोक ओरडतायत, चला, चला. मी वळून बघतोय, तर हा आपला खाली वाकून सुटे पैसे शोधतोय.

बायको: पडले होते का सुटे पैसे?

ड्रायव्हर: आजपर्यंत वाटत होतं, पडले असतील.

बायको: मी फुटपाथवर उभी. तुम्ही तसेच वळून माझ्याकडे बघताय. सगळी बस माझ्याकडे बघतेय. म्हटलं, माझ्यापायी एवढी माणसं खोळंबली. काय करणार, चढले परत.

ड्रायव्हर: आणि तू बसलीस तेव्हा घंटी आली. दोन.

बायको: म्हणजे माझा निरोप तुम्हाला मिळालाच नाही कधी.

ड्रायव्हर: भांडलो कशावरून होतो गं आपण?

बायको: तुम्ही माझं ऐकत नाही, यावरून.

ड्रायव्हर: मला ऐकूच आलं नव्हतं.

बायको: गाडी का थांबवलीत? इथे स्टॉप नाहीये.

ड्रायव्हर: काच पुसतोय.

बायको: काच नाही, चष्मा पुसताय तुम्ही. आणा इकडे, माझ्या पदराला पुसू दे. तुमच्या त्या रुमालानं ग्रीस लागेल.

ड्रायव्हर: इतकी वर्षं चहा प्यायलो त्याच्याबरोबर. एका शब्दानं बोलला नाही.

बायको: मलाही नाही. घ्या चष्मा. टण, टण. चला, ती पोरगी वाट बघत असेल.

(परत गॅरेजपाशी.)

गॅरेजवाली: या. कशी वाटली? काका, थांबा, काकूंचं दार उघडायला मी येते.

ड्रायव्हर: तुम्ही नका येऊ. ते माझं काम आहे. उतर गं सावकाश. ताई, लाल घेतो.

गॅरेजवाली: लाल? अहो, हिरवी तुमच्या डोळ्यांत भरली होती.

ड्रायव्हर: डोळ्यांत भरली, पण कानात इतकी भरली की हिला जागा उरली नाही.

गॅरेजवाली: बघा हं. एकदा दिली की दिली. लालच्या तक्रारी घेऊन दर आठवड्याला याल माझ्याकडे.

बायको: येऊ. तुझ्या टायरवर बसून गोष्टी ऐकवू. ही शिक्षा तुला.

ड्रायव्हर: एकच टोचतंय. शब्द हिरवीचा दिला होता. तो असता तर त्याला समजावलं असतं. गेलेल्या माणसाला काय सांगू?

बायको: अहो, त्यांनी जन्मात कुठला निरोप होता तसा पोचवला? चांगलं निघेल असं काहीतरी बदलायचे आणि मगच द्यायचे. आता तुम्हीही त्यांना दिलेला शब्द तसाच पाळा. थोडा बदलून.

ड्रायव्हर: असं शहाणपणाचं तू बसमध्येच का नाही बोललीस कधी?

बायको: पाटी होती.

गॅरेजवाली: कुणाचा निरोप, कसला बदल? काका, मला काही सांगाल का?

ड्रायव्हर: सांगतो ना. आख्यान तर आत्ता कुठे रंगलंय.

बायको: पुढच्या खेपेला. दार उघडा माझं. पोरी, त्या हिरवीला चांगला माणूस मिळू दे. तिच्यात काही खोट नाही. बसले मी. लावा दार. तुम्ही या वळसा घालून.

ड्रायव्हर: आलो. हिरवीला एक हात लावून आलो. चला ताई, डिकीवर थाप मारा, म्हणजे निघतो.

गॅरेजवाली: मारते. दोन ना?

बायको: दोन नको, तीन मार. गाडी भरली. आणि मारताना आमच्या कंडक्टरला एकदा आठव गं. तू त्यांना पाहिलं नाहीस, पण आत्ता उभी आहेस ती जागा त्यांची आहे.