नुसती अदलाबदल

…आणि वर तो कारकून मलाच विचारतो, ‘कर दोघंही भरणार ना?’ दोघंही! तुम्हाला सांगतो, उभी हयात बातमीदारीत गेली, भल्याभल्या मंत्र्यांना घाम फोडला, पण त्या नोंदणी कार्यालयाच्या खिडकीपुढे माझं काही चाललं नाही. अहो, विकलं काय आम्ही? नुसती अदलाबदल!

म्हणजे कसं बघा. एकाच इमारतीत आम्ही भाऊ-बहीण. ताई चौथ्या मजल्यावर, मी तळमजल्यावर. दोन्ही घरं सारखीच, खोलीला खोली, खिडकीला खिडकी. लिफ्ट नाही आणि ताईचे गुडघे गेलेले. जिना चढताना दर मजल्यावर थांबून ती आधी बिल्डरला, मग सरकारला आणि शेवटी मला शिव्या घालते. मला का? तर मी खाली राहतो म्हणून! डॉक्टरांनी बजावलं, ‘जिना बंद करा, नाहीतर पाय बंद होतील.’ मग मीच म्हटलं, ताई, तू खाली ये, मी वर जातो. मिटलं! यात सरकारचा संबंध आला कुठे?

आला ना! हस्तांतरण कर! घर एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर गेलं की सरकारचा हात पुढे. कारकून चष्म्यावरून बघत म्हणाला, ‘तुमचं घर त्यांनी घेतलं, ही एक खरेदी. त्यांचं तुम्ही घेतलं, ही दुसरी. दोन हस्तांतरणं, दोन कर.’ म्हटलं, अहो, पैशाचा व्यवहारच झालेला नाही! ‘मग बाजारभावाने धरू.’ कसला बाजार? बाजारात गेलंय कोण? ‘साहेब, आवाज खाली, मागे रांग आहे.’ आणि रांगेतला एक जण मागून ओरडतो, ‘भरून टाका ना काका, आम्हालाही भरायचाय!’ स्वतःला लुटून घ्यायचीसुद्धा घाई, बोला!

आकडा ताईला सांगितला. ती म्हणाली, ‘अरे पत्रकारा, एवढे असते तर आधी गुडघेच नसते का बदलले?’

आणि हे काय आमच्या दोघांचंच आहे? दुसऱ्या मजल्यावर मास्तरीणबाई, मुलं पांगली, एकट्या तीन खोल्यांत. त्यांच्या समोर शिंपी, सहा माणसं एका खोलीत, रात्री एकाला वळायचं तर सगळ्यांनी मिळून कूस बदलायची! बाईंना लहान घर हवंय, शिंप्याला मोठं. हलतंय का कोणी? हललं की कर! अख्खी इमारत चुकीच्या घरात मुक्काम ठोकून बसलीय, आणि तिजोरीत काय पडलं? छदाम नाही. कारण हलतंच कोण? मी हललो! मला धरलं! अहो, विकलं काय आम्ही? नुसती अदलाबदल!

गेलो वकिलाकडे. जुना मित्र, पण जांभई दिली तरी फी लावतो. म्हटलं, साध्या कागदावर आपसांत लिहून घेतलं तर? ‘लिही की, छान अक्षरात लिही. उद्या वाद झाला तर कोर्ट त्या कागदाकडे बघणारसुद्धा नाही. कर नाही, तर पुरावा नाही.’ बरं, ताईला बक्षीस म्हणून दिलं तर? ‘बापाने लेकीला दिलं तर सूट आहे. भावाने बहिणीला दिलं तर पूर्ण कर.’ म्हणजे मी आता माझ्या ताईचा बाप होऊ? ताईला सांगितलं तर उसळलीच, ‘तुझा शेंबूड पुसला मी, आणि बाप होतोय!’

शेवटी वकील म्हणाला, ‘नावं राहू दे जागच्या जागी, माणसं हलव. माणसं हलवायला अजून कर नाही.’

हलवली! ताई माझ्या घरात, मी तिच्या. कागद नाही, कर नाही. म्हटलं, सुटली बिचारी जिन्यातून. दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर थाप. उघडतो तर… ताई! चौकटीला धरून धापा टाकतेय. ‘अगं, चार मजले चढून आलीस? डॉक्टर काय म्हणाले होते?’

‘डॉक्टरला काय जातंय? न्हाणीघराचा नळ नीट बंद करतोस का, ते बघायला आले. आणि भिंतीला खिळा मारलास तर याद राख!’

‘ताई, आता मी राहतो ना इथे?’

‘राहा की, कोण नको म्हणतंय? पण कागदावर घर कोणाचं? माझं! मग मी नको बघायला?’

तुम्हाला सांगतो, पूर्वी ती दिवसातून एकदा हा जिना चढायची. आता सकाळी नळ बघायला येते, संध्याकाळी भिंती. गुडघ्यांनी तर हातच टेकलेत. आणि तिला येऊ नको म्हणायला मी कोण? घर तिचं आहे, कायद्याने! खुर्ची पुढे केली, पाणी आणून दिलं… पण त्याला पाहुणचार तरी कसं म्हणायचं? पाहुणा मीच!