मिल्काबाईंच्या खेळघरातली मांदेली

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या संस्थेचे संस्थापक आणि नात्यानं माझे थोरले दीर, माननीय आनंदाशेठ भोईर. पळस्प्याच्या नाक्यावर तासभर अडकूनही हसतमुखानं आलेले प्रमुख पाहुणे, निवृत्त शिक्षणाधिकारी माननीय निनाद कर्णिक साहेब. आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिका दमयंतीबाई. ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो त्या सत्कारमूर्ती, मिल्काबाई नवगावकर. आईच्या निरोपासाठी इस्रायलहून आलेली त्यांची लेक ताली. तळोज्याच्या शिफ्टवरून घरी न जाता थेट इथं येऊन बसलेले पालक, आणि पहिल्या रांगेत चुळबुळ करणाऱ्या माझ्या बाळांनो,

मी चंद्रावती भोईर. पालक संघाची उपाध्यक्ष. दमयंतीबाईंनी मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. पण विचुंब्याच्या बाईला दोन शब्द सांगणं म्हणजे मांजराला दूध राखायला बसवणं, हे त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही.

आत येताना तुमच्यातले बरेच जण व्हरांड्यातल्या त्या नव्या बाकांना अडखळलात. कर्णिक साहेबांच्या तर गुडघ्याला लागलं. साहेब, क्षमा असावी. ती बाकं तिथं का आहेत ते मी सांगणार आहे. मिल्काबाईंनी मला बजावून ठेवलंय, ‘चंद्रावतीताई, निरोपाच्या दिवशी भांडण नको.’ बाई, हे भांडण नाही. दीर-भावजयीचं बोलणं आहे, फक्त आज मध्ये माईक आहे.

तर बाकं खेळघरासाठी आली आहेत. बाई उद्यापासून येणार नाहीत. सोमवारी खेळघरातल्या चटया गुंडाळायच्या, तिथं बाकं मांडायची आणि तिसरीपासूनच्या मुलांचा स्पर्धा परीक्षेचा क्लास बसवायचा, असं संस्थेनं ठरवलंय. संस्था म्हणजे कोण, हे व्यासपीठाकडे बोट न दाखवता मी सांगितलं असं समजा.

ज्यांची मुलं अजून लहान आहेत त्यांना खेळघर म्हणजे काय ते ठाऊक नसेल. मागच्या अंगाची ती लांबट खोली. पूर्वी तिथं मोडकं सामान असायचं. बाईंनी ती मागून घेतली. तिथं पाढे दोरीवरच्या उड्यांवर म्हणतात. नकाशा जमिनीवर खडूनं काढतात आणि मुलं मुंबईहून गोव्याला पायी जातात. वाटेत पनवेल आलं की सगळी थांबून वडापाव खाल्ल्याचं नाटक करतात. ते नाटक अभ्यासक्रमात नाही, पण चुकवलेलं कुणाला चालत नाही. आणि खोलीचा नियम एकच. सगळी मुलं खेळात आल्याशिवाय खेळ सुरू होत नाही.

मी एकदा विचारलं, ‘बाई, एखादं पोर नाहीच आलं तर किती वेळ बसणार?’ त्या म्हणाल्या, ‘आम्हा ज्यूंच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. पनवेलात आमची घरं राहिलीत किती? नऊ जमले की दहाव्याची वाट बघत बसतात, फोन करतात, कुणाला तरी गाडी घेऊन पाठवतात. एक माणूस कमी असणं म्हणजे काय, हे मी लहानपणापासून बघितलंय हो.’ मला गप्प बसवणारी माणसं या तालुक्यात फार नाहीत.

आता माझ्या नातीचं सांगते. दिपिका. ती बघा, तोंड लपवतेय. दिपिका तिसरीत आली तेव्हा शाळेत बोलायचीच नाही. घरी तोंडाचा पट्टा चालू, शाळेत ओठ शिवलेले. कारण काय? समोरच्या टॉवरमधली मुलं आणि आमची गावातली मुलं एकाच वर्गात. हिनं पहिल्याच दिवशी ‘नाय’ म्हटलं आणि कुणीतरी हसलं. झालं. पोरीनं धसका घेतला. बाई रागावल्या नाहीत, समजावत बसल्या नाहीत. रोज खेळ मांडायच्या आणि हिची वाट बघायच्या. बाकीची मुलं कंटाळायची, कुरकुरायची. बाई म्हणायच्या, ‘बसा. दिपिका यायची आहे.’ आणि दिपिका तर समोरच बसलेली.

मग बाईंनी बाजाराचा खेळ काढला. चिकणमातीची मांदेली केली, मुलांनीच केली, वाळवली, रंगवली. तराजू आणला. कुणी भाजीवाला, कुणी वाणी. दिपिकापुढे मांदेलीचा ढीग ठेवला, बोलल्या काहीच नाहीत. टॉवरमधला एक मुलगा आला आणि ऐटीत म्हणाला, ‘किलो कसे दिले?’

आमची पोर ताडकन म्हणाली, ‘मावरा किलोवर नाय देत. वाटा घे.’

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मावरा म्हणजे मासळी, आणि वाटा म्हणजे छोटी मासळी हातानं अंदाजे ढीग लावून मांडतात तो. आमच्याकडे मांदेली, करंदी अशीच घेतात. वाटा बघायचा, नाक मुरडायचं, भाव करायचा, वर दोन मासे घालून घ्यायचे आणि मग पिशवी उघडायची. त्या मुलाला काहीच येईना. दिपिकानं त्याला भाव करायला शिकवलं, मग वर दोन मांदेल्या घातल्या, वर म्हणाली, ‘उद्या ये, तुज्यासाठी ठेवते.’ त्या दिवसापासून ती बोलतेय ती अजून थांबलेली नाही. माझ्यावर गेलीय, असं घरी म्हणतात. मला तो गौरव वाटतो.

इथपर्यंत सगळं गोड. पण मग संस्थेनं बाहेरून एक चाचणी मागवली. छापील, गुळगुळीत कागदाची. त्यात प्रश्न आला: एक किलो मांदेलीची किंमत दोनशे चाळीस रुपये, तर पाव किलो मांदेलीची किंमत किती? आमच्या दिपिकानं लिहिलं, ‘मांदेली किलोवर देत नाहीत. वाटा बघून भाव करावा.’ तिच्या मागोमाग अर्ध्या वर्गानं तेच लिहिलं. टॉवरमधल्या मुलांनीसुद्धा. एका बहाद्दरानं तर पुढे लिहिलं, ‘वर दोन मागाव्यात.’

हसा. मी पण पोट धरून हसले होते. पण निकाल आला तेव्हा घरात कुणी हसलं नाही. आपली शाळा खाली गेली. भावोजी जेवणाच्या ताटावर म्हणाले, ‘चंद्रा, मी शाळा कशाला काढली? माझ्या आयला आयुष्यभर पनवेलच्या बाजारात मावरा विकताना बघितलं. लोक तिच्याशी कसे बोलायचे ते ऐकलं. आपल्या पोरांवर ती पाळी येऊ नये म्हणून काढली. आणि माझ्याच शाळेत पोरांना बाजारात बसवतात?’

मंडळी, हे मी मुद्दाम सगळ्यांपुढे सांगतेय. बाकं आणणारा माणूस खेळाचा वैरी आहे असं कुणी समजू नये. या माणसानं स्वतःची शेतजमीन शाळेला दिली, तेव्हा बिल्डर दारात पैसे घेऊन उभे होते. त्यांना मुलांचं वाईट करायचं नाही. त्यांना वाटतं, शिकणं म्हणजे त्रास सोसणं. आपण छडी खाल्ली, आईनं बोलणी खाल्ली, तर हसतखेळत मिळालेलं खरं कसं असेल? आपल्यातल्या किती जणांना मनातून असंच वाटतं, हात वर करायला मी सांगत नाही.

बाईंनी काय केलं ते ऐका. चाचणीचा कागद हातात घेऊन दिपिकाला म्हणाल्या, ‘तुझं उत्तर खरं आहे. प्रश्न मात्र दुसरा होता. चल, दोन्ही सोडवू.’ आणि दुसऱ्या दिवशी खेळघरात मुलांनी मातीच्या मांदेलीचे वाटे लावले आणि एकेक वाटा तराजूत टाकून बघितला. एक जड, एक हलका. भांडणं झाली. तू मला कमी दिलंस, तू जास्त घेतलंस. मग सगळे वाटे एकत्र करून सारखे वाटले तर प्रत्येकी किती, हे मुलांनीच काढलं. कर्णिक साहेब, याला सरासरी म्हणतात ना? आमच्या वेळी ती बऱ्याच वरच्या वर्गात यायची आणि डोक्यावरून जायची. ही तिसरीतली पोरं भांडता भांडता तिच्यापाशी पोचली. आणि पाव किलोचं गणित? ते तर आता झोपेत विचारा.

पण तोवर सुताराला निरोप गेलेला होता.

गेल्या गुरुवारी भावोजी सुताराला घेऊन खेळघर मोजायला आले. मी तिथं होते, दिपिकाचा डबा द्यायला गेले होते. खोटं कशाला बोलू, डबा नुसतं निमित्त होतं. मुलं चटईवर, वाटे लावणं चालू. सुतार टेप सोडतोय आणि बाई शांतपणे म्हणाल्या, ‘शेठ, आलाच आहात तर एवढं करा. आमचे वाटे सारखे होत नाहीत. जरा लावून दाखवता का?’

मला वाटलं, आता भडका उडतो. भावोजींनी सुताराकडे बघितलं, मुलांकडे बघितलं. चप्पल काढली. धोतर सावरून खाली बसले. आणि हात असे चालले हो, की मी चाळीस वर्षं त्या घरात आहे, मी ते हात कधी बघितले नव्हते. मूठ भरायची, ठेवायची, वरची एक मांदेली उचलून शेजारच्या वाट्यात टाकायची. डोळे मुलांवर, हात वाट्यांवर. मुलांनी दोन-दोन वाटे समोरासमोरच्या पारड्यांत घातले. काटा हलला न हलला. पोरं टाळ्या वाजवायला लागली. दिपिकानं विचारलं, ‘आजोबा, तुमाला कोणी शिकवलं?’

‘आयनं,’ म्हणाले. उठले, चप्पल घातली आणि गेले. सुतार टेप धरून तसाच उभा.

त्यानंतर घरात या विषयावर एक शब्द नाही. मी आमटी वाढली, ते जेवले, पेपर वाचला. काल बाकं आली. आणि आज मला माईक मिळाला.

भावोजी, मी थोरल्यांपुढे आवाज चढवत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. पण विचारल्याशिवाय मला इथून खाली उतरता येणार नाही. सासूबाईंनी तुम्हाला बाजारात जे शिकवलं, ते काय शिक्षा म्हणून शिकवलं? गिऱ्हाईक नसताना, वेळ जावा म्हणून, खेळ म्हणूनच ना? मग लाज कसली? लाज वाटायची तर जे तिच्याशी अरे-तुरे बोलले त्यांना वाटू दे. तिनं तुम्हाला मोजायला शिकवलं, त्यावर तुम्ही एवढं उभं केलंत. त्या बाईच्या नातवंडांची आणि पतवंडांची खोली तुम्ही बंद करणार का, एवढंच सांगा. क्लास हवा तर काढा की. स्पर्धा परीक्षा द्यायला आमचा नकार नाही. पोरं देतील आणि जिंकतील. पण वरच्या मजल्यावर जागा आहे.

असो. वेळ झाला, दमयंतीबाई घड्याळ बघतायत.

मिल्काबाई, तुमचं कौतुक करायला उभी राहिले आणि आमच्या घरचं गाऱ्हाणं घालून बसले. तुम्ही इस्रायलला लेकाकडे, रोनेनकडे जाल, तालीबरोबर राहाल, तिकडच्या नातवंडांनाही जमिनीवर नकाशा काढून द्याल. आमच्या मुलांना तुम्ही कधी मूर्ख म्हटलं नाहीत, हे मी विसरणार नाही. माझी नात तुमच्यामुळे बोलते, यासाठी तुमचे पाय धरले तरी कमीच. अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, मंडपवाल्यांचे, चहा करणाऱ्या मावशींचे मी आभार...

थांबा. भावोजी काहीतरी म्हणतायत. माईक घ्या ना. नको? बरं, मला सांगा, मी सांगते.

ते म्हणतायत, बाकं वरच्या मजल्यावर न्यायला सांगा.

टाळ्या नंतर, अजून बोलतायत. काय म्हणालात? जरा मोठ्यानं, मला ऐकू येत नाही.

ते विचारतायत, आईची मावरा विकायची पाटी, ती टोपली, त्यांनी कपाटावर जपून ठेवलीय. ती खेळघरात ठेवली तर मुलं वापरतील का.

मंडळी, ती पाटी घरात आहे हेच मला माहीत नव्हतं. आम्हाला वाटायचं, त्यांनी ती कधीच फेकून दिली. मिल्काबाई मान हलवतायत, म्हणजे चालेल. माझ्या बोलण्यात कुणाला काही लागलं असेल तर घरची बाई म्हणून सांभाळून घ्या. भावोजी, तुम्ही हात लावू नका, उंच आहे. पाटी मी काढते.