शबानापुढची मोठी स्क्रीन

सकाळी बरोबर दहा वाजून वीस मिनिटांनी हे सुरू झालं बघा. पडेगावात ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात मी अन् शबाना शेजारी बसतो. मालकानं नवी मोठी स्क्रीन आणली अन् ठेवली कुठं, तर शबानापुढं! माझा लई जळफळाट झाला.

आठ दिवस मी मालकाच्या मागं लागले. "दादा, माझं लेकरू लहान, त्यात या जुन्या स्क्रीननं डोळे दुखतात." शेवटी कंटाळून त्यांनी अदलाबदल केली. मी लगेच नवीचा उजेड शंभरावर नेला, शेजारी शबानाची अंधारी दिसावी म्हणून.

दुपारपर्यंत डोळ्यांतून धारा. शबानानं विचारलं, "ताई, रोरी क्यूं?"

"खुशीनं," मी म्हणाले.

घरी लेकराला तीट लावायला बसले, तर एकाची दोन लेकरं दिसायला लागली. माझे डोळे गेले तर याचं कोण बघणार?

दुसऱ्या दिवशी मीच म्हणाले, "शबाना, तुझी तूच घे बाई."

तिनं वाकून बघितलं. "या अल्ला, इत्ता उजाला! मैं तो तीस पे रखती थी. किसने बढाया?"

"मालकाचा हात लागला असंल."

तिनं उजेड उतरवला, स्क्रीन माझ्याकडंच राहू दिली, अन् तासाभरात माझे डोळे निवले.

तर बायांनो, नवी स्क्रीन आली की आधी उजेड कमी करा, एवढं चार जणींना सांगा. फक्त तो वाढवला कुणी, हे शबानाला सांगू नका.